तुमचा सिकल माझ्यात नाही

बाबा, तुमचा आजार माझ्या रक्तात नाही. डॉक्टरांनी हे हसत सांगितलं.

आता गरोदर बाईची सिकलसेलची तपासणी बीपी बघावा तितक्या सहज होते. माझ्या नवऱ्यात अर्धा सिकल आधीच निघाला होता, म्हणजे त्याला त्रास नाही, पण पुढं बाळाला जाऊ शकतो. माझ्यातही निघाला तर बाळाला पूर्ण आजार होऊ शकतो, म्हणून यवतमाळच्या त्या दवाखान्यात आम्ही दोघं जीव मुठीत धरून बसलो होतो. रिपोर्ट चांगला आला. नवरा पेढे आणायला उठलासुद्धा. मी कसली गप्प बसते! म्हटलं, "पण डॉक्टर, माझ्या बाबांना पूर्ण सिकल होता. त्यातच गेले ते." डॉक्टरांचं हसू तिथंच थांबलं. "मग तुमच्यात निदान अर्धा यायलाच हवा. एक भाग आईकडून येतो, एक बापाकडून, आणि त्यांच्याकडे चांगला भाग द्यायला नव्हताच." नमुना बदलला असेल म्हणून पुन्हा रक्त घेतलं, या वेळी थेट जनुकाची तपासणी केली. आठ दिवसांनी पुन्हा तेच आलं.

त्याच दिवशी मारेगावची एसटी धरली. आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "तुहा बाप तू पोटात असतानीच गेलता. तू कडेवर होती, तवा मी पाट लावून ह्या घरी आली."

"मले काहून नाही सांगितलं?"

"त्याईनं शपथ घातलती. म्हणे पोरगी माही आहे, तिले काही सांगाचं नाही. साऱ्या गावाले मालूम आहे, पण तुह्यापुढं बोलाची कोणाची छाती नव्हती."

साऱ्या गावाला! मी एकटीच तेवढी येडी. तुमचा इतका राग आला बाबा, की तुम्ही समोर असता तर भांडले असते. मग परतीच्या एसटीत मला शाळेतला तो दिवस दिसला. मी सातवीत आहे. रक्त तपासायला माणसं आलीत, एकेका पोराच्या बोटाला सुई टोचतायत, आणि तुम्ही दुखरा पाय ओढत व्हरांड्यात येताय. "माह्या पोरीले सुई लावाची नाही!" अख्खा वर्ग हसला. मला वाटलं, आजार निघाला तर हिचं लग्न कसं जमेल, हीच तुमची भीती. आता कळतं, माझं रक्त चांगलं निघेल याचीच तुम्हाला धास्ती होती. तुमच्या दुखण्याच्या फेऱ्यांत कुठल्या तरी डॉक्टरनं हे गणित तुम्हालाही समजावलं असणार.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायची हिंमत नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही. कारण दुसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा तो शेजारी बसून बाळासाठी देवाचं नाव घेत होता. मीही डोळे मिटले होते. पोटावर हात ठेवून मनात म्हणत होते, निघू दे. थोडा तरी सिकल निघू दे.