आगळाच्या बरणीतल्या शिंपल्या

आये, आज बाजारातून टाकणखाराची पुडी आणली आणि तू आठवलीस. टाकणखाराचा नि माझा काय संबंध, म्हणशील. सांगते.

आचऱ्याच्या आपल्या स्वयंपाकघरात फळीवर आगळाची बरणी असायची. मीठ घातलेला कोकमाचा दाट रस, वर्षभराच्या सोलकढीची बेगमी. एका दुपारी तू झाकण काढतेस आणि तळाशी शिंपल्या दिसतात. किनाऱ्यावरून वेचलेल्या, लाल रंग चढावा म्हणून टाकलेल्या. रंग राहिला बाजूला, कडा खाल्ल्यासारख्या झालेल्या नि बोटाने दाबली की शिंपली मोडतेय. "ह्या कोणी केल्यान गो? आंबटात शिंपी रवतली काय? इरघळतली!" ताई नि मी समोर उभ्या. मी हळूच ताईकडे बघितलं, आणि धपाटा ताईच्या पाठीत बसला. अख्खी बरणी तू परसात ओतलीस. ताई दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

आता मी समुद्राचं पाणी तपासायची नोकरी करते. आमच्या बारीक जाळीत जे जीव येतात ते तू कधी बघितले नसशील. मोहरीहून लहान, पाठीवर काचेसारखा शंख. बांगड्या-तारल्यांची पिल्लं असलंच काहीबाही खाऊन वाढतात. जगभरचा धूर समुद्र गिळतो, त्याने पाणी किंचित आंबटाकडे झुकतं, आणि या इवल्याशा जिवांना शंख बांधणं जड जातं. गेल्या हंगामात माझ्या बाटल्यांतले शंख झिजलेले दिसले आणि मी हुरळून गेले. रापणवाल्या मच्छीमारांच्या सभेत उभी राहून सांगून मोकळी झाले, की आपल्याच किनाऱ्यावर शंख विरघळायला लागलेत. कोणीतरी शंका काढली, तर ज्यांच्या होडीतून मी जाळी टाकते ते म्हातारे काका उठून म्हणाले, "बायन सोता बघल्यान हा, तां खोटा नसतला."

परवा सहज ताज्या जाळीतले शंख भिंगाखाली धरले. धडधाकट! त्याच पाण्यातले, बाटलीत महिनाभर ठेवलेले मात्र झिजलेले. जीव कुजू नयेत म्हणून बाटलीत फॉर्मॅलिन घालतात. ते पडून पडून स्वतःच आंबट होतं, म्हणून तो आंबटपणा मारायला त्यात चिमूटभर टाकणखार घालायचा असतो. तो घातलाच नव्हता. शंख समुद्राने नाही, माझ्या बाटलीने खाल्ले. ज्या पोरीच्या डोळ्यांदेखत तू ती बरणी ओतलीस, तिनेच हे करावं? कपाळावर हात मारून घेतला गो.

साहेब म्हणाले, "बाटल्या त्या नव्या मुलीने भरल्या ना? तिची चूक म्हणून लिहा, विषय संपला." भरल्या तिने, हे खरं. पण टाकणखार घाल असं तिला मी सांगितलंच नव्हतं. ती तिथेच उभी होती, माझ्याकडे बघत. मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. म्हटलं, साहेब, चूक माझी आहे आणि सभेतही मीच सांगणार.

उद्या सकाळी सभा आहे. हसतील. "मगे, समुद्र बरो झालो म्हणायचो?" असं कोणीतरी विचारणारच. विचारू देत. सांगेन, समुद्राचं काय चाललंय ते मला अजून ठाऊक नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतेय. त्या काकांकडे परत होडी मागेन. त्यांनी नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे, तोही नाही म्हणाला तर तिसऱ्याकडे. या वेळी टाकणखार मी माझ्या हाताने घालणार, त्या मुलीला शेजारी उभी करून.

त्याची भीती नाही वाटत, आये. हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून इतकं सगळं भराभरा लिहिता आलं. ताईला फोन लावायला मात्र दोनदा हात गेला आणि मागे आला. शिंपल्या तिने टाकल्या नव्हत्या हे तिला माहीतच आहे. मी टाकल्या होत्या, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. तुलाही कधी सांगितलं नाही.