हुकावरचं वजन

३ एप्रिल, गुरुवार

सायकली न्यायच्याच, असं ठरलं. म्हणजे ह्यांनी ठरवलं आणि मी मान डोलावली.

पुढच्या शनिवारपासून, म्हणजे बारा तारखेपासून, चार दिवस तळ्याकाठी मुक्काम. गाडीमागे ट्रेलर जोडून जायचं. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली — दोन पलंग, वीतभर ओटा आणि मागच्या भिंतीला एक कपाट. तळ्याभोवती बावीस किलोमीटरचा सपाट रस्ता आहे म्हणे. "दोघं रमतगमत चक्कर मारू," हे म्हणाले. माझ्यासाठी नवीकोरी सायकल आणलीय. निळी, पुढे टोपली.

मला सायकल येत नाही.

इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. पहिल्याच भेटीत ह्यांनी विचारलं होतं, "सायकल चालवता का?" आणि मी — उचलली जीभ लावली टाळ्याला — "हो, पूर्वी खूप!" का बोलले? माणूस आवडला होता. आधीचा संसार संपून बारा वर्षं झालेली, आणि समोरचा माणूस इतक्या आशेनं विचारत होता. नाही म्हणवेना.

आणि माणूस कोण, तर निवृत्त वजनमापे निरीक्षक! एकतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासले. दहा ग्रॅम कमी भरले तरी दंड. साठीपर्यंत लग्न नाही. धाकटी बहीण म्हणते, कुठलंच स्थळ मापात उतरलं नसणार. शेवटी उतरलं ते हे — खोट्या मापाचं. लग्नाला चार महिने झालेत. कळलं तर पुन्हा माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवतील?

४ एप्रिल, शुक्रवार

माझ्या शिवणाच्या दुकानात शुकशुकाट. दोन पँटी आखूड करून झाल्या, मग धाकटीचा फोन. हे स्थळ तिनेच आणलेलं, त्यामुळे तिला सगळं सांगावं लागतं.

"ताई, सांगून टाक. हसतील आणि सोडून देतील."

"नाही हसले तर?"

"मग आठ दिवसांत सायकल शीक."

छप्पन्नाव्या वर्षी गुडघे फोडून घ्यायची माझी तयारी नाही. त्यापेक्षा दुसरी युक्ती — सायकली नेणंच धोक्याचं आहे, असं ह्यांच्या गळी उतरवायचं. हा माणूस स्टूलवर चढण्याआधी स्टूलाचे चारही पाय तपासतो. किती वेळ लागणार?

६ एप्रिल, रविवार

गॅरेजवाल्याकडे गेलो. ह्यांचा बेत होता की ट्रेलरच्या मागच्या दांड्याला स्टँड लावायचा आणि त्यावर सायकली टांगायच्या. मी साळसूदपणे विचारलं, "पण ट्रेलरचं शेपूट सगळ्यात जास्त उसळतं ना? दांडा तुटला तर सायकली मागच्या गाडीवर!"

गॅरेजवाल्यानं दांडा ठोकून पाहिला. "वहिनी बरोबर बोलतात. पोकळ पत्रा आहे हा. शिवाय मागचे दिवे झाकले जातील ते वेगळंच."

मी मनात म्हटलं, सुटले. तर हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी परीक्षेत पहिली आले. वाटभर एकच — "तुमच्या लक्षात आलं! माझ्या नाही आलं!" मग सांगत बसले. मागे वजन वाढलं की पुढचा दांडा उचलला जातो, गाडीच्या हुकावर भार कमी पडतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकावर हवा. आपला ट्रेलर भरून हजार किलो, म्हणजे हुकावर शंभर. कमी पडले की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग गाडीलाही हलवतो.

मला आकड्यांत गती नाही. मी शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, सोडते, ती अंदाजानं. पण हे रंगात येऊन सांगत होते, म्हणून ऐकलं.

७ एप्रिल, सोमवार

आज नवा बेत. गाडी आणि ट्रेलर यांच्या मधल्या जागेत सायकली. मी टेप घेऊन गेले. ह्यांना अंगणात गाडी पूर्ण वळवायला लावली आणि मोजून दाखवलं — वळणावर हँडल थेट ट्रेलरच्या खिडकीत घुसतं, चार इंच.

"वा," म्हणाले. टेप हातात घेऊन स्वतः दोनदा मोजलं. चारच इंच. संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगत होते, "आमच्या घरात आता दोन निरीक्षक." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी जितकी खोट काढते, तितकी ह्यांच्या नजरेत चढते.

८ एप्रिल, मंगळवार

आजचा बेत, सायकली गाडीच्या टपावर. "तुमचा उजवा खांदा दुखतो, डोक्यावर सायकल कोण उचलणार?" हा बेतही बाद. "किती काळजी करता हो माझी," म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० एप्रिल, गुरुवार

संपलं. सायकली ट्रेलरच्या आत.

जमिनीवर, चाकांच्या बरोबर वरती. तिथे उसळणं सगळ्यात कमी. पुढची चाकं काढली, पेडलं आत वळवली, साखळीला जुनी चादर गुंडाळली, आणि दोन्ही सायकली पलंगाच्या लोखंडी पायाला पट्ट्यांनी चार ठिकाणी बांधल्या. पट्टा ओढून बघितला तर ट्रेलर हलला, सायकल नाही. मग आपला मोठा वजनकाटा पुढच्या दांड्याखाली ठेवला. एकशे चार किलो!

"आता काढा खोट," म्हणाले.

मी अर्धा तास शोधली. नव्हती.

११ एप्रिल, शुक्रवार

आज जे केलं ते लिहिते. लिहिताना लाज वाटतेय, पण केलंय.

हे बाजारात गेले होते. मी दुकानातलं जुनं बिडाचं शिलाई मशीन हातगाडीवरून आणवलं आणि ट्रेलरच्या मागच्या कपाटात ठेवलं. शेजारी दोन लोखंडी इस्त्र्या आणि बटणांच्या बरण्या. वर चादर.

हिशेब साधा आहे. निघण्याआधी हे पुन्हा वजन करणारच, केल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाहीत. हुकावर आकडा कमी भरेल, शेवटी चढवल्या त्या सायकली, तेव्हा दोष सायकलींवर जाईल. सायकली उतरतील. तळ्यावर पोहोचल्यावर मी मशीन दाखवून म्हणेन, अगंबाई, हे उतरवायचं राहिलंच की!

१२ एप्रिल, शनिवार

घरीच आहोत. तळं दिसलंच नाही.

सकाळी मी थर्मास भरून बाहेर आले तर ट्रेलर गाडीला जोडूनही झाला होता. हे हात पुसत उभे. वजनाचं एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, घाईत केलंच नसेल. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. म्हटलं, एवढ्याशा सामानानं काय होतंय.

पहिला तासभर हे साठच्या वर जाईनात. मी चिडवत होते, "सायकलवरून निघालो असतो तर एव्हाना पोहोचलो असतो." हे हसलेही नाहीत, सारखा आरसा बघत होते. मग उतार लागला. एक मोठा ट्रक शेजारून सणसणत गेला आणि ट्रेलर हलला. आधी थोडा, मग जास्त, मग असा की गाडीचं मागचं अंग उचलून कुणी इकडून तिकडे आपटतंय. मी दार धरलं. ह्यांनी ब्रेकला पाय लावला नाही, फक्त पाय काढून घेतला आणि स्टीअरिंग सरळ धरून बसले. वेग उतरला तसा ट्रेलर शांत झाला. रस्त्याकडेला थांबलो.

हे गाडी बंद करून माझ्याकडे वळले.

"तुम्हाला लागलं का?" एवढंच विचारलं. आणि थोड्या वेळानं, "चूक माझी आहे."

माझी होती. मी गप्प बसले. तीसच्या वेगानं परत आलो.

१३ एप्रिल, रविवार

ट्रेलर विकायचा म्हणाले. मोठा काटा माळ्यावर टाकला. "माझ्यावर आता भरवसा ठेवू नका."

१४ एप्रिल, सोमवार

खाई त्याला खवखवे. हा माणूस स्वतःलाच खोटा काटा समजायला लागलाय, ज्या एका गोष्टीवर आयुष्यभर उभा होता तिच्यावरच त्याचा विश्वास उरला नाही. आणि मी खोटं झाकून बसलेय. सायकल येत नाही ही काय लाज? ही खरी लाज.

दुपारी दुकान बंद करून घरी आले. हे व्हरांड्यात बसले होते. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. मशीन मी ठेवलं. इस्त्र्या मी ठेवल्या. वजन बिघडावं म्हणूनच ठेवल्या. सायकली घरीच राहाव्यात म्हणून. कारण मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती. तुमचं गणित एकशे चार होतं, एकशे चारच आहे.

मधे एकदाच बोलले. "सायकल... अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

उठून आत गेले. दार लावलं नाही, पण बाहेरही आले नाहीत.

धाकटीला फोन केला. ती म्हणाली, "सांगितलंस ना. आता त्यांना वेळ दे." वेळ देतेय. दुसरं काही द्यायला उरलंच नाही. ह्यांनी म्हटलं, जा, तर जाईन. मला जायचं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

दिवसभर चार वाक्यं. मीठ द्या. पाणी गेलं. फोन वाजतोय. येतो.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी चहा पुढे ठेवून म्हणाले, "बसा. मलाही सांगायचंय. शनिवारी निघताना मी वजन केलं होतं. हुकावर ऐंशी भरलं. कपाट उघडलं तर तुमचं मशीन. वाटलं, तुम्हाला कामाशिवाय करमत नाही, म्हणून बरोबर घेतलंय. चार महिन्यांत माझ्या वस्तूंमध्ये तुम्ही आपणहून ठेवलेली पहिली वस्तू. पुढे सरकवायला खांदा साथ देईना आणि तुम्हाला 'काढा' म्हणवेना. म्हटलं, हळू चालवू. एकतीस वर्षांत कुणाला दहा ग्रॅम सोडले नाहीत. तुम्हाला वीस किलो सोडले, आणि तुमचाच जीव टांगणीला लावला. हे मी सांगणार नव्हतो. तुम्ही सांगितलंत म्हणून."

मी माळ्यावरून काटा खाली काढला. ट्रेलर विकायचा नाही, असं दोघांनी ठरवलं. यापुढे वजन दोघांनी करायचं आणि आकडा मोठ्यानं वाचायचा.