आवाजाच्या नावाखालचा फोटो

१२ मार्च

दादा,

नमस्कार. पत्राला लागतो म्हणून लिहिला. आईचा गुडघा सोडला तर इकडे बरं आहे. फोनच करणार होते, पण नुसत्या शिव्या दिल्या असत्या.

"फाईल बिघडलीय, तुझं कामच ते, बघ जमलं तर," म्हणून तू 'बाबांचा आवाज' पाठवलास. बाबांनी शेवटच्या घटकेला आईला हाक मारली, ती तू मोबाईलवर घेतलीस, असं तिला वर्षभर सांगतोयस. ती फाईल वाजेना. बिघडलेल्या डिस्कमधून लोकांच्या फायली काढणारी मी, पण मलाही घाम फुटला. बाबांचा आवाज माझ्या हातून जायला नको.

मग आतले कच्चे आकडे उघडले. शहाण्या, फाईलचं नाव कुणीही बदलतं. पण प्रत्येक प्रकारच्या फाईलची आत एक ठरलेली सुरुवात असते, ती नावाबरोबर बदलत नाही. तुझी सुरू होते 'एफएफ डी८ एफएफ' अशी. असा फोटो सुरू होतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

नावाच्या शेवटचं आवाजाचं शेपूट काढून फोटोचं लावलं, फाईल झटकन उघडली. तू, तुझे सासरे, मेहुणे, पोहण्याचा तलाव, हातात ग्लास. फोटोत नोंदलेली तारीख बाबा गेले तीच, वेळही त्याच दुपारची. आई आणि मला दवाखान्यातून अंघोळीला घरी पाठवून "मी बसतो बाबांजवळ" म्हणाला होतास, ती दुपार. तारीख जुळावी म्हणून त्याच दिवसातलं काहीतरी उचललंस ना? केवढी हुशारी! शिसारी आली मला. पळालास, ते एक वेळ समजून घेतलं असतं. पण निवांत बसून त्या फोटोला मेलेल्या बापाचं नाव दिलंस. जनाची नाही तर मनाची तरी?

बाबा एकटे गेले रे.

आईला कसं सांगायचं हे ठरवायलाही वेळ मिळाला नाही. ती सकाळपासून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती, कानात इअरफोन घालून. फोटो माझ्याबरोबर तिनंही पाहिला. इअरफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि मला विचारलं, "म्हणजे त्यांनी मला हाक मारलीच नव्हती का गं?"

याचं उत्तर माझं नाही, तुझं आहे. तू ये, आणि तिच्यासमोर बसून दे.

आईची मुलगी