लिंबाला पांघरूण

ऑस्टिन, फेब्रुवारी संपता संपता

तीर्थरूप एल्विरा आत्यांस,

नोएमीकडून दोन्ही गालांना मुके, आणि तुमची ना नसेल तर हातालाही. तब्येत कशी आहे? तिकडे दक्षिणेत वेस्लाकोच्या बागांत आता फुलांचा वास सुटला असेल आणि तुम्ही पडवीत खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याच्या गाडीला नावं ठेवत असाल, असं डोळ्यांसमोर आणून लिहायला बसले आहे. (फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तर पटत नाही, म्हणून पत्र.) आधी महत्त्वाचं: आजी, म्हणजे तुमची आई, ठणठणीत आहे. ती बर्फात, अंगणात, झाडाखाली बसली होती असं तुम्हांला कुणी कळवलं असेल तर ते खरं आहे. पण ऐकताना वाटतं तसं ते नव्हतं.

झाड म्हणजे तुम्ही दिलेलं लिंबाचं कलम. देताना तुम्ही बजावलं होतं की ऑस्टिन फार उत्तरेला आहे, ते कुंडीत ठेवा आणि थंडीत घरात घ्या. पप्पा म्हणाले, कुंड्या भाड्याच्या घरात ठेवतात. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरांत फरश्या बसवल्या. परसातला हा एवढासा तुकडा त्यांच्या नावावरची पहिली जमीन, आणि तिच्यात लावलेलं हे पहिलं झाड. सकाळची कॉफी ते त्याच्याजवळ उभं राहून घेतात, आणि मध्येच एखादं पान असं पुसतात की आम्हांला उगाच परक्यासारखं वाटतं. म्हणून बर्फाच्या वादळाची बातमी आली तेव्हा मी गोठून फुटणाऱ्या नळांचा विचार केला, आईने हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जादा पाळी घेतली (आणि रस्ते बंद झाल्यावर तिथेच अडकली), आणि पप्पांनी घरातली सगळी पांघरुणं उचलली.

सगळी म्हणजे सगळी. दोन वाघांच्या चित्रांची, एक लांडग्याचं आणि आजीचं मोराचं. थंडी पडणार म्हटलं की आमच्या गल्लीत सगळेच झाडांवर चादरी घालतात, संध्याकाळी भुतांची पंगत बसल्यासारखी दिसते. पण घरातल्या माणसांसाठी काहीतरी मागे ठेवायची पद्धत आहे. मी वाचनालयातून छापून आणलेलं ‘बर्फाच्या दिवसांत शेजारधर्म’ हे पत्रक गल्लीत वाटत होते. (कुणी वाचलं नाही. शेजारच्या मिस्टर पर्विस यांनी ते खिडकीच्या फटीत कोंबलं आणि उपयोगी आहे असं कळवलं.) परत आले तर पप्पा झाडाभोवती काठ्यांवर तंबूसारख्या ताणलेल्या पांघरुणांच्या आत नाताळच्या दिव्यांची माळ गुंडाळत होते. जुन्या माळा गरम होतात, त्या उबेवर झाड तगतं, हे तुम्हीच त्यांना शिकवलंत. फक्त गेल्या नाताळात मी पृथ्वीचा विचार करून घरातल्या सगळ्या माळा बदलून एलईडीच्या आणल्या होत्या. पप्पांनी दिवे लावले, बराच वेळ मुठीत धरले आणि विचारलं, “हे तापत का नाहीत?”

“पप्पा, तोच तर त्यांचा गुण.”

“एवढं कॉलेज करून थंड दिवा आणलास,” ते म्हणाले. रागाने नाही, उलट थोडं कौतुकच होतं, आणि तेच जास्त लागलं.

मग पाऊस आला आणि पडेल तिथे गोठत गेला. आत्या, मला हे नीट सांगता येणार नाही. सकाळी प्रत्येक पान, प्रत्येक तार, कुंपणावर विसरलेला कपड्यांचा प्रत्येक चिमटा काचेत बसवलेला होता. गल्ली इतकी गप्प की आपला श्वाससुद्धा मोठ्याने बोलतो आहे असं वाटावं. मग कुठेतरी ओकची फांदी कडाडून मोडायची, काचेचं दुकान कोसळल्यासारखा आवाज व्हायचा आणि पुन्हा शांत. इतकं सुंदर होतं की भीती वाटायला उशीर झाला. त्यातच वीज गेली.

घर थंड पडत गेलं. आजीने तिचा मोर मागितला. पप्पा म्हणाले, जरा वेळ थांब, आई, झाड लहान आहे. आजी म्हणाली, “मीच काय ती म्हातारी ओक?” आणि तिने कोट चढवला, पायऱ्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून (हा सल्ला माझ्या पत्रकातला) स्वयंपाकातलं मीठ आणि ते संपल्यावर तिखट-मीठ शिंपडलं, माझा हात धरून परसात गेली, पांघरूण उचललं आणि झाडाखाली जाऊन बसली. मोर माझ्याकडे येत नसेल तर मी मोराकडे जाते, म्हणे. तिला एकटी कशी सोडणार, म्हणून मी आत शिरले. पप्पांनी खुर्ची आणि कंदील आणला. मिस्टर पर्विस आपल्या कुत्रीला घेऊन पत्रकाबद्दल तक्रार करायला आले होते, तेही आत आले आणि तक्रार विसरले.

आत सोनेरी अंधार होता. वाघ उलटे दिसत होते, पट्टे उजेडाचे आणि अंग सावलीचं. लिंबाच्या पानांचा वास, कुत्रीचा वास, आजीची कुजबुजती प्रार्थना. बाहेर शहर काचेचं होऊन हळूहळू फुटत होतं आणि आम्ही समुद्रतळाशी बसल्यासारखे डुलत होतो. कॉलेजात ‘समाज’ या शब्दावर मी पानंच्या पानं लिहिली. तो एवढ्या जागेत मावतो हे माहीत नव्हतं. मिस्टर पर्विस म्हणाले, “अबुंदियो, तुझं झाड माझ्या घरापेक्षा ऊबदार आहे.” पप्पांनी अंग चोरून झाडाला थोडी जागा करून दिली.

बर्फ वितळला तेव्हा झाड वरून खालपर्यंत काळं होतं. पप्पा कॉफी घेऊन रोज तिथे उभे राहत, पण पुसायला पानं उरली नव्हती. आणि गेल्या आठवड्यात बुंध्याशी हिरवा फुटवा आला. पप्पा मला हाताला धरून तो दाखवायला घेऊन गेले. माणसांच्या उबेने झाड वाचतं, यावर मी वाचनालयात भाषण दिलं; मिस्टर पर्विस कुत्रीसह हजर होते.

ईस्टरला या. सगळे वाट पाहत आहेत.

तुमची भाची,
नोएमी

ता. क. आजीला साधा खोकलासुद्धा झाला नाही. तिखट-मिठाचा खर्च मात्र ती माझ्या पत्रकावर टाकते.

ता. क. २. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र. फुटवा कलमाच्या सांध्याखालून आला आहे. मी वाचून खात्री केली: तो खुंटाचा आहे, म्हणजे ज्यावर लिंबाचं कलम बांधलं त्या मूळ झाडाचा, रानटी, काटेरी, त्याला आपली लिंबं कधी येणार नाहीत, कडू संत्री येतील. लिंबू गेलं. पप्पांना हे कळता कामा नये, ते पुन्हा पानं पुसायला लागले आहेत. तुम्ही आलात की ते तुम्हांला आधी तिथेच नेतील. कृपा करून वाकून पाहू नका. कंबर धरली आहे म्हणा.

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीने)

ताई, पोरीने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. आतलं वाचलेलं नाही, चष्मा आईच्या नाकावर आहे. एक सांगायचं होतं. झाडाला फुटलंय ते खुंटाचं आहे, सांध्याच्या खालचं. बघताक्षणी ओळखलं. लहानपणी बागेत आपण असले फुटवे किती खुडले. पण नोएमीने त्याच्यावर भाषण दिलंय, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू येशील तेव्हा वाकू नकोस. कंबर दुखते म्हण. फळ धरायला बरीच वर्षं लागतील, तोवर तिला हिरवं बघू दे.

अबुंदियो