कुजबुज ऐकायचं मशीन

सिडको, संभाजीनगर
पोळ्यानंतरचा बुधवार

चि. मनकर्णास, जन्मभर एकाच चुलीपुढं भाजून निघालेल्या तुझ्या थोरल्या जावेचा, दगडाबाईचा, आशीर्वाद.

मी इथं कानांपासून खाली खुशाल आहे. तुझे गुडघे कसे आहेत, पिशोरला पाणी पुरतं झालं का, गाय व्याली का, नातसून तुला वेळेवर चहा देते का, आणि देत नसेल तर तू अजून तशीच गप बसतेस का, हे सगळं कळव. पत्र माझी सून आशा लिहितेय. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे असं लोक म्हणतात. मला तरी सगळ्यांचीच अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. तुझ्याकडं जो कुणी हे वाचून दाखवत असेल त्यानं सावकाश वाचावं, मधली मधली पानं गाळू नयेत.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. माझा लेक रामकिसन फोन माझ्या कानाला लावतो, तू तिकडं काहीतरी बोलतेस, मी इकडं "व्हय, व्हय" करते, आणि दोघी समाधानानं फोन ठेवतो. त्याला बोलणं म्हणत नाय. मागल्या दिवाळीनंतर तू आलीस तेव्हा माझ्याशी ओरडून ओरडून तुझा घसा बसला. जाताना जिन्यात तू आशाला म्हणालीस, "बाईशी बोलायचं म्हणजे हलगी लावावी लागती. आता नाय यायची मी." हे मला आशानं नंतर सांगितलं, तेही ओरडूनच, त्यामुळं खालच्या मजल्याला पण कळलं. तेव्हापासून तू खरंच आली नाहीस. मला राग नाय. पण दुपारी झोप लागत नाय.

रझाकारांची पळापळ मिटून दोन-तीन उन्हाळे झाले तेव्हा मी त्या घरात आले आणि तू माझ्यामागून. बायकांचा आवाज ओसरीवर गेला की सासरे खाकरायचे. म्हणून आपण दोघी चुलीच्या धुराआड, एकमेकींच्या कानाशी बोलायला शिकलो. तू तर इतकी शिकलीस की रानात एकटी निंदायला बसलीस तरी हळूच बोलायचीस, न जाणो एखादं ढेकूळ ऐकत असलं तर. आता बहिऱ्या माणसाचं पहिलं काय जातं, तर कुजबुज. ओरडणं शेवटपर्यंत राहतं. त्यामुळं मला सगळे फक्त ओरडण्याजोगं सांगतात. जेवलीस का. गोळी घेतली का. लाईट गेली. कुणाच्या सुनेनं कुणाच्या सासूला काय ऐकवलं, हे कुणी ओरडून सांगत नाय. मनकर्णे, किती वर्षं झाली, या घरात एकाही माणसाची निंदा माझ्या कानावर पडलेली नाय. (आशा लिहिता लिहिता म्हणते, "चांगलंच आहे की, आई." तिला काय कळणार. ती एकटीच सून आहे, तिला जाऊच नाय.)

म्हणून रामकिसननं कानाचं मशीन आणलं. डॉक्टरकडचं महागडं नाय, दुकानातलं. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी डबी, तिला लांब तार, आणि तारेच्या टोकाला कानात घालायची गुंडी. डबीच्या कडेला एक चाक. ते फिरवलं की आवाज लहान-मोठा. एवढं सांगून तो ऑफिसला गेला. आता तूच सांग, डबी म्हटल्यावर बाईमाणूस ती कुठं ठेवणार? मी ठेवली चंचीत. सुपारी, कात, अडकित्ता, चुन्याची डबी, आणि त्यात ही. दिवसभर मला वाटलं, शेजारी कुणीतरी खाण काढलीय. आत सुपाऱ्या एकमेकींवर आपटत होत्या आणि मी चाक वाढवत होते, म्हणजे माणसांचं ऐकू येईल. चाक वाढवावं तसे दगड मोठे होत गेले. संध्याकाळी आशानं विचारलं, "ऐकू येतंय का?" मी म्हटलं, खडी लई पडतेय, तुझं मात्र काय कळलं नाय.

पुढची गंमत ऐक. चाकावर आकडे आहेत म्हणे. मी त्यांना ओळखत नाय आणि ते मला. रामकिसन म्हणतो एकावर ठेव, आशा म्हणते तीनवर (ती बोलते कमी, पण बोललेलं ऐकलं जावं असं तिला वाटतं). मी म्हटलं, तुमचे आकडे तुमच्यापाशी. मी बोटानं चुन्याचा एक ठिपका दिला चाकावर. ठिपका वर आला की आवाज मोठा, खाली गेला की लहान. अक्कल लई चांगली होती, फक्त चुना ओला होता. तो ओघळून चाकात शिरला, तिथंच वाळला, आणि चाक बसलं ते पार मोठ्या आवाजावर. आशानं तव्यावर भाकरी टाकली की माझ्या कानात भिंत पडायची. नळ सोडला की पैठणचं धरण. मी गुंडी काढली की सगळे ओरडायचे, घातली की भांडी ओरडायची.

मग आशानं डबी चंचीतून काढली आणि मागच्या चिमट्यानं माझ्या पदराला, खांद्यावर, लावून दिली. इथून माझी अब्रू गेली. आपले थोरले दीर आप्पासाहेब आता पलीकडच्याच गल्लीत मुलाकडं राहतात आणि रोज तिसऱ्या प्रहरी आमच्याकडं चहाला येतात. ते दारात दिसले की माझा हात आपसूक पदराला जातो, तुला सांगायला नको. पदर डोक्यावर गेला, पदराबरोबर डबी कानाशी गेली, आणि मशीननं शिट्टी घातली. लांबलचक, थेटरात पोरं घालतात तशी. मी घाबरून पदर आणखी पुढं ओढला, शिट्टी आणखी चढली. ज्यांच्यापुढं जन्मात तोंड वर केलं नाय, त्यांना मी उंबऱ्यात उभी राहून शिट्ट्या घालतेय. आप्पासाहेबांनी आधी मागं वळून जिना बघितला. मग मला बघितलं. मग खुर्चीत बसले आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले (ते माझ्याशी बोलत नायत, भिंतीशी बोलतात, हे तुला ठाऊक आहे), "या वयात बरं सुचतंय."

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातली वहिदा, शाळेतून रिटायर झालेली मास्तरीणबाई, मला शहागंजला तिच्या पुतण्याच्या दुकानात घेऊन गेली. शौकत त्याचं नाव. त्यानं डबी उघडली, आत बघितलं, मग माझ्या लाल तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "दादीमाँ, ये मशीन पान खाती क्या?" चुना खरवडला, चाक मोकळं केलं, आणि शिट्टीचं कारण सांगितलं: आवाज कानातून शिरत नाय, डबीतून शिरतो, आणि डबी कानाजवळ आली की ती स्वतःचंच ऐकत बसते आणि किंचाळते. (अशी दोन-तीन माणसं आपल्या भावकीत आहेत. नावं घेत नाय, पत्र मोठ्यानं वाचलं जाईल.)

आता मशीन झकास चालतं. फ्रिज रात्रंदिवस जप करतो हे मला माहीत नव्हतं. माझ्याच चपला माझ्यामागं चालताना ऐकू येतात. आशा ओट्याशी काय पुटपुटते तेही ऐकू आलं. ते सांगत नाय, कारण लिहिणारी तीच. आणि परवा काय ऐकलं ते सांगते, आधी नीट टेकून बस. चहा पिता पिता आप्पासाहेब भिंतीला म्हणाले, "गावाकडं या दोघी चुलीपुढं कुजबुजायच्या, ते मला ओसरीवर सगळं ऐकू यायचं." माझा चहा बशीत सांडला. सगळं म्हणजे सगळं, मनकर्णे. आपण त्यांच्या घोरण्याची नक्कल करायचो ती, आणि त्यांना "बिनदप्तराचा तहसीलदार" म्हणायचो तेही. मग त्यांनी उरलेला चहा संपवला. नंतर म्हणाले, "दुपार लई लांब झाली आता. धाकलीचं काय चाललंय?" भिंतीनं उत्तर दिलं नाय, म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीच दिलं. म्हटलं, ती यायची नाय म्हणते.

बाकी ठीक. तिकडच्या लेकरांच्या गालावरून माझ्या वतीनं हात फिरव. तुझ्याकडं पाया पडण्याजोगं आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाय, आणि मी तुझ्या पाया पडणार नाय, तेव्हा ते राहू दे.

तुझी,
दगडाबाई
(अंगठा माझा, बाकी सगळं आशाचं)

ता. क. शौकत म्हणतो, मशीनचा आवाज नीट लावायचा तर ज्याचं ऐकायचं ते माणूस समोर लागतं. म्हणून तुला यावं लागेल. मशीनसाठी यायचंय, माझ्यासाठी नाय. येताना नवे मूग आण. इथले शिजत नायत.

आणखी ता. क. हे वहिदाच्या हातचं. आशा देवळात गेलीय. शौकत तसलं काही म्हणालेला नाय. मशीन नीट आहे. दुपारी मीच ते बंद करते आणि आशाला सांगते, आवाज बारीक झाला, सेल उतरला. पोर चांगली आहे, पण तिचं आणि फ्रिजचं ऐकून झालं की मग कुणाचं ऐकू? वहिदाला कुजबुजायला लावून बघितलं. तिची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत जाते, तिचा उपयोग नाय. (हे ती हसत लिहितेय.) तुझा आवाज या मशीनला धरता येईल का, मला ठाऊक नाय. तू ये. डबी तुझ्या पदरात धर, गुंडी माझ्या कानात राहील, आणि तुझं नेहमीसारखं बोल. धरलं तर धरलं, नाय तर नाय. पण ओरडू नको. मागल्या खेपेला तू ओरडत होतीस तेव्हा तुझं तोंड मला ओळखीचं वाटत नव्हतं.