एकादशीची भाकर

नाना, त्या सकाळी मी तुमची फटफटी धुळ्याहून चालवत घरी आणली. तुम्ही गेल्यापासून ती गोठ्यात पोत्यांखाली उभी होती. शेवटी मायच म्हणाली, "उभी राहीसन सडी जाई. चालू कर." मग धुळ्याच्या मिस्त्रींकडे टाकली. त्यांनी इंजिन खोलून नवा पिस्टन घातला, पुढचा ब्रेक मोठा बसवला, तो मिणमिणता दिवा जाऊन लख्ख उजेड पडावा म्हणून वायरिंग बारा व्होल्टचं केलं. तुमचा लांब सायलेन्सर मात्र गंजका भाग कापून, जोड देऊन तोच ठेवला. "भाऊ, बाकी काहीबी बदला, हा आवाज आता बाजारात मिळत नाही," ते म्हणाले. मलाही तोच हवा होता. नाल्याच्या चढावर गाडीने तो ठोका धरला आणि मी पुन्हा तुमच्या पाठीमागे बसलो आहे असं वाटलं.

तुम्ही गावोगाव विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत फिरायचात. परतायची वेळ ठरलेली नसायची. नाल्यावर आवाज आला की माय तवा ठेवायची, आणि तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसता तोवर भाकर फुगलेली असायची.

गाडी ओट्याशी लावून मी आत गेलो. चूल पेटलेली, तवा तापलेला, माय परातीत पीठ मळते आहे. मी दारातच थांबलो. नाना, त्या दिवशी एकादशी होती. घरात माय, मी आणि तुमची सून, तिघांनाही उपास. एकादशीला या घरात भाकर व्हायची ती फक्त तुमच्यासाठी. "साबुदाणावर पाना फिरस का?" म्हणून तुम्ही तिला चिडवायचात, आणि "पाप लागी तुमले" म्हणत ती तुमच्या ताटात आणखी एक वाढायची.

मायने माझ्याकडे पाहिलं, मग पिठाच्या हातांकडे. "हातले काय समजस, भाऊ," एवढंच बोलली आणि तवा उतरवला. पीठ गाईपुढे ठेवलं. मी देवापुढे बसलो, पण नाम ओठांवर येईना.

त्यानंतर गाडीचा आवाज ऐकून तिने तवा ठेवला नाही. पण मी रोज संध्याकाळी नाल्यावर आलो की ती हातातलं काम टाकून चुलीकडे बघत बसते, असं तुमच्या सुनेने सांगितलं. तेव्हा मी पुन्हा मिस्त्रींकडे गेलो आणि सायलेन्सर बदला म्हणालो.

"काय चुकलं भाऊ? एवढा गोड ठोका बसला होता."

"तुमचं काही चुकलं नाही. फार बरोबर झालं."

काल नवा सायलेन्सर बसवून आलो. गाडी आता गुपचूप, हलकी पळते. ओट्याशी थांबलो तर आतून मायचा आवाज आला, "कोन शे?"

"मी शे, माय."

ती निवांत वाती वळत बसली होती. वळतच राहिली. हे सांगायला दुसरं कोणी नाही, आणि तुमच्यापर्यंत टपाल जात नाही. मला वाटलं होतं, एवढं केलं की जिवाला बरं वाटेल. नाही वाटलं, नाना.