लाखावरचं एक पान

श्रावण शुद्ध द्वितीया, १९३८. कळमनुरी.

गल्लीतल्या दहाजणींनी महादेवाला बेलाची लाखोली वाहायचं ठरवलं. लाख पानं, वर एक शकुनाचं. दहा दहा हजार वाटून झाली आणि त्या वरच्या एका पानावरून भांडण लागलं. ते कुणी वाहायचं? प्रकरण माझ्याकडे आलं, कारण मी मास्तर.

मी दोन, तीन, पाच, सात लावून पाहिले आणि ओट्यावरून निकाल दिला, की एक लाख एक ही संख्या कितीही जणींत सारखी वाटली जाणार नाही. वर बोलून बसलो, वाटली गेली तर सगळा बेल मी तोडून आणीन. काहून बोललो?

आमची ही म्हणाली, "सारजाबाईलाबी घ्या." सारजाबाई पलीकडच्या आळीत मेंढरं राखते. तिला कुणी विचारलंच नव्हतं. झाल्या अकराजणी. मी हसत हसत पाटीवर भागाकार मांडला. नऊ हजार एक्क्याण्णव, बाकी शून्य. पुन्हा मांडला, तिसऱ्यांदा मांडला. नऊ हजार एक्क्याण्णवच. अकराची कसोटी चौथीच्या वर्गाला मीच शिकवतो, आणि नेमका अकरालाच विसरलो.

जेवताना हिला विचारलं, "तुला हा भागाकार कसा सुचला?"

"मला कुठला भागाकार येतो? ती बिचारी मघापासून दारात उभी राहून बघून राहिली होती. तुमाला दिसली न्हाई व्हय?"

नऊ हजार एक्क्याण्णव. पाटी पुसून टाकली. उद्या पहाटे झाडावर चढायचं आहे, आणि बेलाला काटे असतात.